कोरी पाठ

“मन्ही पाठ मन्ही नही, भाऊ. गावनी शे.”

पाट दिला, खुर्ची दिली, भिंतीशी घोंगडी अंथरून दिली, तरी तो हे वाक्य बोलायचा आणि भिंतीपासून हातभर पुढे सरकून ताठ बसायचा. आमच्या पेढीची भिंत मातीची होती, वर चुन्याचा हात फिरवलेला. त्याच्या हिशेबाने चुन्याआडची माती ही मातीच. तिला पाठ लागली आणि दोन माणसांनी पाहिली, तर मान गेला. मग काय तोंड दाखवायचं?

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. एखाद्याची खोड आपण वर्षानुवर्षं चेष्टेवारी नेतो, तिच्यावर हसून हसून तिला इतकी ओळखीची करून टाकतो, की तिच्यामागे आणखी काही असेल हे डोक्यातच येत नाही. आमचं तसंच झालं.

दुसरी लढाई सुरू होण्याच्या आधीची ही गोष्ट. नंदुरबारच्या एका जिनात मी तोलाईचा कारकून होतो. जिनात कापसाची सरकी निघायची, रुईच्या गठाणी बांधायच्या आणि रेल्वेने सुरतेकडे जायच्या. मालक मारवाडातून आलेल्या घराण्यातले, आम्ही त्यांना शेठजी म्हणायचो. शेठजी जैन, मुंगीला पाय लागला तरी हळहळणारे. पण कुस्तीचा शौक जबरा. सारंगखेड्याच्या बाजारातून एखादा घोडा हौसेने आणून दारात बांधतो माणूस, तसा त्यांनी एक पैलवान आणून जिनाच्या दारावर जमादार म्हणून ठेवला होता. तोच हा. आम्ही त्याला पैलवानदादा म्हणायचो. त्याचं खरं नाव इथे घालत नाही. आपलं नाव पुकारात यावं असं त्याला फार वाटे. छापून यावं असं मात्र तो कधी म्हणाला नव्हता.

पुकार म्हणजे काय, हे सांगायचं तर तो मान काय होता, इथपासून सुरुवात करायला हवी.

तापीकाठच्या एका गावी मार्गशीर्षात जत्रा भरायची आणि जत्रेत कुस्त्यांचा आखाडा. बाकीच्या मुलखात विजेत्याला गदा देतात, फेटा देतात. आमच्याकडे काही देत नसत. जो पडलेला नाही त्याला ‘कोरी पाठ’ म्हणायचं, बस्स. शेवटची कुस्ती त्याची. आखाड्याच्या मातीत तेल-ताकाबरोबर काव मिसळलेली असे, म्हणजे पाठ टेकली, दोन्ही खांदे मातीला लागले, की दोन्हींवर लाल ठसा उठायचा आणि भांडणाला जागा राहायची नाही. कुस्ती संपली की दोघांनीही वळून लोकांना पाठ दाखवायची. एरवी पाठ दाखवणारा पळपुटा ठरतो. आमच्या आखाड्यात पाठ दाखवूनच माणूस मोठा व्हायचा.

या मानाचा पहिला धनी सातपुड्यातला एक पावरा आदिवासी पैलवान. तीन जत्रा त्याने सगळ्यांना लोळवलं आणि चौथ्या जत्रेला आलाच नाही. मान तर त्याच्याकडे. मग पंच गूळ-नारळ घेऊन डोंगर चढून त्याच्या पाड्यावर गेले आणि म्हणाले, बाबा, चल आणि पड. तो हसायला लागला. पडायला बोलवायला आलेले पंच त्याने जन्मात पाहिले नव्हते. शेवटी पंचांनी त्याला लालूच दाखवली, की जो पडेल त्याचं नाव दरवर्षी शेवटच्या कुस्तीआधी मोठ्याने पुकारू. ते त्याला पटलं. तो खाली उतरला, रीतसर लढला, पडला आणि खुशीत घरी गेला. तेव्हापासून पुकार सुरू झाला. हलगी थांबायची, पुकारणारा मध्ये उभा राहायचा आणि आजवरच्या मानकऱ्यांची नावं ओळीने घ्यायचा. ज्याच्याकडे मान असेल त्याचं नाव त्यात नसे, कारण तो अजून पडलेला नसे. गंमत अशी, की या यादीत यायचं तर जिंकून भागत नसे. आधी जिंकायचं आणि मग एकदा हरायचं.

नंतरच्या मानकऱ्यांपैकी एक आबा. माझ्या वेळी ते पंचांचे म्होरके होते, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. आबांना आखाड्यात कुणी पाडू शकलं नाही. ते पडले त्याच जत्रेच्या घोडेबाजारात. एका घोड्यावर मांड टाकून चाल पाहत होते, घोडा मागे मागे सरकत गेला, उधळला आणि आबा भर बाजारात उताणे. दोन्ही खांदे धुळीत. पंच बसले आणि त्यांनी ठरवलं, की पाडणारा कोण हा प्रश्न नाही. माती लागली की लागली, आखाड्याची असो की बाजाराची. आबांचा मान गेला. आबांनी हूं की चूं केलं नाही. उलट पुढे स्वतः पंच झाल्यावर हाच नियम त्यांनी सगळ्यांना लावला.

आता कळलं असेल, आमचा पैलवानदादा भिंतीला का टेकत नव्हता.

माणूस चांगला दांडगा, मान आणि डोकं एकाच रुंदीचं, दोन्ही कान मोडून चुरगळलेले. आवाज मात्र इतका मऊ की फाटकावरच्या गाडीवानांना तो दम देतोय की जेवायला बोलावतोय ते कळत नसे. सात-आठ जत्रा मान त्याच्याकडे होता. बाजारातली टवाळ पोरं मागून येऊन त्याच्या पायात काठी घालून बघायची. तो काठीवरून अलगद पाय टाकायचा आणि काठी परत द्यायचा. झोपायचा पालथा. त्याची बायको माझ्या आईजवळ तक्रार करायची, “पालथा झोपस तं जशी काय गठाण पडेल शे.”

एकदा पोट दुखायला लागलं म्हणून मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, टेबलावर उताणे झोपा. याने विचारलं, टेबल कशाचं? लोखंडाचं. त्याचे पाय कशावर? फरशीवर. फरशीखाली काय? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. शेवटी त्याला उभ्यानेच तपासलं आणि डॉक्टर स्वतः गुडघ्यावर बसले.

शेठजींनी तर एकदा सुरतेहून फोटोवाला बोलावला. आमच्या पैलवानाचा फोटो पेढीत लावायचा होता. फोटोवाल्याने त्याला छाती काढून उभं केलं, मिशीला पीळ देववला. शेठजी म्हणाले, तोंड काय काढताय, पाठ काढा, मान तिचा आहे. फोटोवाला हतबल झाला. अखेर पेढीत गादीच्या वर चौकटीत एक भलीमोठी पाठ टांगली गेली. व्यापारी यायचे, पागोटं काढून खाली ठेवायचे आणि वर बघून विचारायचे, हे कोण? शेठजी म्हणायचे, हे आमचे जमादार. त्या फोटोत उजव्या खांद्याखाली तळहाताएवढा एक फिकट डाग दिसायचा. फोटोवाला म्हणाला होता, काच धुताना राहिलं असेल. आम्हीही तेच म्हणायचो. मी रोज त्याच्या समोर बसून हिशेब लिहीत होतो.

त्या साली दिवाळीनंतर कापूस जोरात आला. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली. सकाळी थंडी असायची आणि इंजिनाच्या खोलीत वाफेची नळी भिंतीलगत गेलेली, म्हणून सगळे शेकायला तिथेच जमत. पैलवानदादा मेहनत करून आला होता, उघडाच. रनाळ्याचे काही गाडीवान बसले होते. जत्रा जवळ आली होती आणि त्या साली शेवटच्या कुस्तीला त्याच्यासमोर रनाळ्याचाच एक तरणा पैलवान उभा राहणार होता, म्हणून गाडीवान त्याला डिवचत होते. तो चिडेना. त्याने त्यांना आबांच्या घोड्याची गोष्ट सांगायला घेतली. गोष्ट सांगताना तो घोडाही व्हायचा आणि आबाही व्हायचा. घोडा कसा मागे मागे सरकत गेला ते दाखवायला तो एकेक पाऊल मागे गेला, आम्ही हसत होतो, आणि त्याची पाठ वाफेच्या नळीला टेकली.

तो थांबला नाही. नळीला टेकून तो आबांची नक्कल करत राहिला, मांड कशी घट्ट धरली, लगाम कसा ओढला. मला वाटलं, नळी गार असेल. मग वास आला.

त्यालाही आला. गोष्ट मध्येच तोडून त्याने नाक वर केलं आणि विचारलं, “काय जळी ऱ्हायनं रे? सरकी का?”

इंजिनाच्या मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. त्याचा हात धरून मी त्याला पुढे ओढलं एवढं आठवतं. तो पुढे आला आणि त्याच्या पाठीचं कातडं नळीवर राहिलं. मी आजवर पुष्कळ पाहिलं आहे, दोन साथी पाहिल्या, गाडीखाली सापडलेला माणूस पाहिला. त्या सकाळसारखा मी कधीच हादरलो नाही. कारण त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. वेदना नाही, दचकणं नाही. गोष्टीतलं हसू अजून पुरतं पुसलंही गेलं नव्हतं. त्याने नळीकडे पाहिलं नाही, आमच्या तोंडांकडे पाहिलं, एकाच्या, मग दुसऱ्याच्या, आणि तिथे त्याला जे वाचायचं ते वाचून झालं.

“कितली जळनी?” त्याने मला विचारलं.

 गाडीवानांपैकी एक म्हातारा हळूच उठला आणि बाकीच्यांना दारातून बाहेर काढायला लागला. त्या काळी आमच्या भागात हे दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. कातडीवर फिकट डाग आणि त्या डागाला चटका कळत नाही, याचा अर्थ दवाखान्यात जाऊन विचारावा लागत नसे. रक्तपिती, म्हणजे महारोग. लोक हा शब्द उच्चारला तरी थुंकत.

फाटकामागच्या त्याच्या खोलीत मी त्याला पोचवलं. बायको चुलीपाशी होती. तिने पाठ पाहिली, तूप आणलं आणि लावायला लागली.  मी काहीतरी बोलायला लागलो तर म्हणाली, “माले ठाऊक शे. दोन सालथाईन ठाऊक शे.”

रोज संध्याकाळी तीच त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. आम्हाला वाटायचं, मालिश करते. ती बघत असायची, दिवसभरात कुठे खरचटलं का, काटा रुतला का, माती लागली का. उजवा खांदा आणि त्याखालचा सगळा भाग त्याला परका झाला होता. तिथे भिंत लागली काय आणि वारा लागला काय, त्याला सारखंच. म्हणून तो हातभर पुढे सरकून बसायचा. मानाचा नियम हे कारण खरंच होतं, पण अर्धं. आपण टेकलो आहोत की नाही हे त्याला कळतच नव्हतं आणि त्या नियमाच्या आडोशाला त्याने हे दोन वर्षं लपवलं होतं. आम्ही त्या आडोशावर हसत होतो.

तो मला म्हणाला, “पुढली बाजूले मी शे, भाऊ. मांगे काय चाली ऱ्हायनं ते ही सांगस.” यात रडणं नव्हतं. जिनात कोणतं काम कुणाकडे आहे, हे सांगावं तसं सांगितलं.

बातमी संध्याकाळपर्यंत रनाळ्याला पोचली आणि दोन दिवसांत सगळ्या तापीकाठाला. ज्यांनी ज्यांनी त्याच्याशी अंग घासलं होतं ते सगळे पैलवान कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळी करायला लागले. रनाळ्याच्या त्या तरण्याने आदल्या जत्रेत त्याच्याशी कुस्ती धरली होती आणि बराच वेळ टिकला होता. त्याच्या आईने म्हणे त्याला देवापुढे बसवून शपथ घातली, की पुन्हा त्या माणसाला हात लावशील तर मी विहिरीत जीव देईन. शेठजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी पैलवानाला शिधा पाठवला, पट्ट्या आणि मलम पाठवलं, एक शब्द वाकडा बोलले नाहीत. पण पेढीतला तो फोटो दुसऱ्या दिवशी तिथे नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या जिनाला नवा चुना लागला.

मग पंचांचा निरोप आला. माणूस फाटकाबाहेर उभा राहूनच बोलला. पैलवानाने जत्रेला येऊ नये. मान मोकळा केला आहे, रनाळ्याचा आणि दुसरा कुणी यांच्यात कुस्ती लावू. आणि पुकारात त्याचं नाव येणार नाही, कारण तो पडलेला नाही.

पैलवानदादा सगळं ऐकून घेत होता. मान गेल्याचं ऐकून त्याने डोकं हलवलं, जणू ते बरोबरच होतं. नावाचं ऐकलं तेव्हा मात्र तो उठून उभा राहिला. मी त्याच्याकडे बघत होतो. नळीला टेकून जळताना जो चेहरा हलला नव्हता, तो आता हलला. पहिल्यांदाच मला त्याची भीती वाटली. तो आत गेला.

 आठ जत्रा हा माणूस जिंकत आला होता. आता त्याला आखाड्यातून काढून टाकणं सोपं होतं आणि त्याला आठवणीतून काढणंही सोपं होतं. त्याचं नाव घेतलं नाही तर पुढच्या पोरांना कळणारही नाही की असा कुणी होता. पंचांना नेमकं तेच हवं होतं. आपल्या मातीत रक्तपिती लोळली, हे कुणाला दरवर्षी मोठ्याने ऐकायचं असतं?

जत्रेच्या दिवशी मी जिनातल्या दोघांबरोबर गेलो. दुपार कलली, लहान कुस्त्या झाल्या, हलगी शेवटच्या कुस्तीची वाजायला लागली. तेवढ्यात एका बाजूची गर्दी फाटली. कुणी ढकललं नाही, ओरडलं नाही, माणसं आपली आपण मागे सरली आणि मध्ये वाट झाली. त्या वाटेने तो आला. लंगोट बांधलेला, अंगावर दुसरं काही नाही. बायको आखाड्याच्या कडेपर्यंत त्याच्या मागे आली आणि तिथे थांबली. हलगीवाल्याचा हात थांबला.

आबा मातीच्या कडेला पंचांच्या घोंगडीवर बसले होते. ते उठले नाहीत.

“कसाले उना तू?” त्यांनी विचारलं.

“पडाले उनू, आबा.”

मग तो काय म्हणाला ते मी सांगतो, कारण तो हळू बोलला आणि मागच्यांना ऐकू गेलं नाही. त्याने मानावर हक्क सांगितला नाही. मान खुशाल द्या, म्हणाला. पण मला पाडून द्या. मी पडलो तर तुमच्या नियमाने माझं नाव घ्यावं लागेल. मी एवढंच मागतो.

तो मातीत उतरला, मांडीवर थाप मारून रनाळ्याच्या पोऱ्यासमोर उभा राहिला आणि हात पुढे केले. पोऱ्या एक पाऊल पुढे आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्याने दोन्ही हात जोडले आणि मागे सरला.  पैलवानदादा दुसऱ्याकडे वळला, मग तिसऱ्याकडे. ज्यांना त्याने कधी पाडलं होतं, ज्यांना डाव शिकवले होते, ते सगळे तिथे होते.

“कोनी बी हात लावा. पाडा माले.”

इतकी माणसं होती आणि घोडेबाजारातल्या घोड्यांचं फुरफुरणं तेवढं ऐकू येत होतं. मला लाज वाटत होती, संताप येत होता, आणि त्याहून जास्त मी सुन्न झालो होतो. आयुष्यभर ज्याला पाडायला लोक धडपडले, तो पाडा म्हणून विनवत होता आणि त्याला पाडायला कुणी नव्हतं.

त्याने सगळीकडे फिरून पाहिलं आणि आबांसमोर आला.

“आबा, तुम्ही घोडावरथाईन पडनात, तवय कोन्हा हात व्हता?”

 आबांनी होकाराची मान हलवली. नियम त्यांच्याच पडण्यातून निघाला होता, तो त्यांना मोडता येईना.

तो मातीच्या मधोमध गेला. आधी बसला. मग हात दोन्ही बाजूंना टेकून सावकाश मागे झुकायला लागला, आपलं म्हातारं माणूस दुखऱ्या कमरेने अंथरुणावर पडतं तसा. मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो. डावा खांदा मातीला लागताना मला दिसला. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळंच काही आलं. एवढ्या वर्षांनी पाठीला माती लागण्याचं ते सुख होतं की दुःख, मला आजही सांगता येणार नाही. तो आकाशाकडे बघत पडून राहिला. मग मान किंचित वळवून आबांना म्हणाला, “डावा टेकना. उजवा टेकना का? माले समजत नही.”

आबा त्याच्या उजव्या हाताला, कडेच्या घोंगडीवर बसले होते, अगदी समोर.

“टेकना,” आबा म्हणाले.

“दोन्ही?”

“दोन्ही. ऊठ आते.”

तो उठून बसला. “मंग नाव ल्या,” म्हणाला.

पुकारणारा चाचरला, आबांनी हात केला, तेव्हा त्याने सुरुवात केली. सातपुड्यातल्या त्या पहिल्या पैलवानापासून, मधले सगळे, आबा, आबांनंतरचे, आणि शेवटी त्याचं नाव. गावासकट, बापाच्या नावासकट. पैलवानदादा उभा राहून ऐकत होता, हात मोकळे सोडून.

यानंतरचं सगळं आधी सांगून टाकतो, म्हणजे मला जिथे थांबायचं आहे तिथे थांबता येईल. त्याच रात्री आखाड्याची सगळी माती खणून गाड्यांनी तापीत टाकली. मान रनाळ्याच्या पोऱ्याला मिळाला, पण त्याने स्वतःला कोरी पाठ म्हणवून घेतलं नाही आणि पुन्हा लंगोटही बांधला नाही. पुढे लढाई आली, जत्रा ओसरली, पुकार बंद पडला आणि मान तिथेच संपला. पैलवानदादा आणि त्याची बायको रेल्वेने गुजरातेत एका आश्रमात गेली. तो तिथेच वारला असं काही वर्षांनी कळलं. त्याच्याशी कुस्ती धरलेल्या एकालाही ते दुखणं झाल्याचं माझ्या कानावर आलं नाही. नंतर एका डॉक्टरांनी मला सांगितलं, त्या प्रकारचं दुखणं सहसा कुणाला लागत नाही.

आता तो आखाडा. नाव घेऊन झालं. त्याने खाली वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला, सगळ्यांना नमस्कार केला आणि आल्या वाटेने निघाला. बायको पुढे झाली, तो मागे. गर्दी पुन्हा फाटली आणि त्याची पाठ आमच्याकडे झाली.

डाव्या खांद्यावर कावेचा लालभडक ठसा उठला होता. उजव्या खांद्यावर, जळल्यावर आलेल्या त्या नव्या गुलाबी कातडीवर, मातीचा एक कण नव्हता. तो खांदा टेकलाच नव्हता. पालथं झोपून, भिंतीपासून हातभर सरकून बसून ज्या अंगाने इतकी वर्षं मातीला टाळलं, ते अंग मालकाने सांगूनही खाली गेलं नव्हतं, आणि मालकाला ते कळलं नव्हतं.

माझ्या शेजारचा माणूस “अरे” एवढंच म्हणाला. रनाळ्याच्या पोऱ्याने आबांकडे पाहिलं. आबा समोर बघत होते. आखाड्यातल्या नियमाने तो अजून पडलेला नव्हता, अजून कुणीच त्याला पाडलं नव्हतं, आणि त्या सगळ्या गर्दीत हे एकट्या त्यालाच ठाऊक नव्हतं. तो थांबेल, वळून कुणाला तरी विचारील, म्हणून आम्ही सगळे जागच्या जागी उभे होतो. तो वळला नाही. दोन्ही टेकले असं आबांनी सांगितलं होतं, आणि त्यावर विश्वास ठेवून तो चालत गेला.